३१ जानेवारीनंतर एक महिन्याने कोणती तारीख येते?

हा आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्यातल्या भागाचा लेखी मजकूर. या भागात तारखा खूप आहेत आणि कानाने ऐकताना त्या एकमेकींत मिसळतात, म्हणून इथे त्या नीट क्रमाने लिहिल्या आहेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले मधले ‘म्हणजे ना’ आणि मागे ओरडणारा भाजीवाला काढून टाकला.

आधी एक प्रश्न. आज ३१ जानेवारी आहे असं धरा. मित्राने तुमच्याकडून पाचशे रुपये घेतले आणि म्हणाला, ‘बरोबर एक महिन्याने देतो.’ कधी देणार? २८ फेब्रुवारीला? १ मार्चला? की ३ मार्चला? तुमच्या मनात जे उत्तर आलं ते लक्षात ठेवा. माझ्या मनातही एक होतं, आणि त्या उत्तरापायी एका बाईला बचत गटातून बाहेर पडावंसं वाटलं.

आत्याची वही आणि माझं अ‍ॅप

माझी आत्या पैठण तालुक्यातल्या एका गावात राहते. तिथल्या महिला बचत गटाचा हिशोब ती बघते. गटात बारा जणी. बैठक दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी. शेवटचा दिवसच का, असं विचारलं तर उत्तर एकच, ‘पहिल्यापासून तसंच आहे.’ बचत तेव्हाच जमा होते, कर्ज तेव्हाच दिलं जातं, हप्ताही तेव्हाच घेतला जातो.

हिशोब एका लांबट लाल वहीत. मी संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. बीटेक झालेली भाची घरात असताना आत्याने वहीत आकडेमोड करायची म्हणजे मलाच कमीपणा वाटायचा. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात दोन रविवार बसून मी तिला एक छोटं अ‍ॅप करून दिलं. कर्जाची रक्कम टाका, तारीख टाका, किती हप्ते ते टाका. अ‍ॅप सगळ्या हप्त्यांच्या तारखा काढून देतं. हप्त्याला दोन दिवसांपर्यंत उशीर चालेल, त्यापुढे गेला तर २० रुपये दंड, हा गटाचा नियम. तोही घातला. आणि वर माझी हुशारी: ज्यांना उशीर झाला त्यांची यादी आपोआप गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल अशी सोय केली. कोणी मागितली नव्हती.

३१ ऑगस्ट २०२४ च्या बैठकीत एका मावशींनी शिलाई मशीनसाठी १२,००० रुपयांचं कर्ज घेतलं. बारा हप्ते. नाव सांगत नाही, आपण त्यांना मावशीच म्हणू. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सगळं सुरळीत. मार्चमध्ये यादीत मावशींचं नाव आलं, २० रुपये दंड. एप्रिलमध्ये नाही. मेमध्ये पुन्हा. जूनमध्ये नाही. जुलैमध्ये पुन्हा.

३१ जुलै २०२५ ला रात्री आत्याचा फोन आला.

‘काय गं, तुझ्या त्या अ‍ॅपला दिवस मोजता येतात का नाही? ती बाई एकही बैठक चुकवत नाही. माझ्यासमोर पैसे मोजून देते. आज सगळ्यांसमोर म्हणाली, माझं नाव काढा गटातून, मला असं उशिरा देणारी म्हणून मिरवायचं नाही.’

मी म्हटलं, ‘आत्या, बघते.’ आणि मनात म्हटलं, तारीख टाकताना आत्याचीच चूक झाली असणार. लाज वाटते सांगताना, पण आपण सॉफ्टवेअरवाले आधी हेच म्हणतो.

चूक कुठे होती

लॅपटॉप उघडला आणि मावशींच्या हप्त्यांच्या तारखा काढल्या. अ‍ॅपने ठरवलेल्या तारखा अशा होत्या: ३० सप्टेंबर, ३० ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३० डिसेंबर, ३० जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल, २८ मे, २८ जून, २८ जुलै, २८ ऑगस्ट.

दिसलं का? ३१ ऑगस्टला कर्ज घेतलं. सप्टेंबरला ३१ तारीख नाही, म्हणून ३० झाली. इथवर ठीक. पण ऑक्टोबरला ३१ तारीख आहे, तरी अ‍ॅप ३० वरच राहिलं. पुढे फेब्रुवारीत घसरून २८ वर आलं, आणि तिथून परत वर चढलंच नाही.

कारण माझा कोड असा होता: आधीच्या हप्त्याची तारीख घे, तिच्यात एक महिना मिळव, झाली पुढची तारीख. प्रत्येक पायरीला मूळ ३१ तारीख विसरली जात होती. कानगोष्टींच्या खेळासारखं. एकाच्या कानात झालेला बदल पुढे सगळ्यांच्या कानात जातो.

आता दंडाचा हिशोब लावून बघा. ऑक्टोबरमध्ये बैठक ३१ ला, अ‍ॅपची तारीख ३०. एक दिवस उशीर, सवलतीत बसला. एप्रिलमध्ये बैठक ३० ला, अ‍ॅपची तारीख २८. दोन दिवस, तोही बसला. मार्च, मे आणि जुलैमध्ये बैठक ३१ ला, अ‍ॅपची तारीख २८. तीन दिवस. दंड. म्हणूनच हा प्रकार एक महिना आड येत होता आणि पहिले सहा महिने कोणाच्या लक्षातच आला नाही. कोडमधली अशी चूक ओरडत नाही. ती फेब्रुवारीची वाट बघत बसते.

महिना हे माप नाही

थोडं मागे जाऊ. मिनिट म्हणजे ६० सेकंद. तास म्हणजे ६० मिनिटं. आठवडा म्हणजे ७ दिवस. ही मापं आहेत, किलो किंवा लिटरसारखी. महिना म्हणजे किती? २८, २९, ३० किंवा ३१ दिवस. ज्याची लांबी चार प्रकारची असते त्याला माप कसं म्हणायचं?

महिना हे नाव आहे, मार्च, एप्रिल, मे असं. ‘एक महिना मिळव’ याचा खरा अर्थ ‘पुढच्या महिन्यात जा आणि तीच तारीख शोध’ असा होतो. आणि तीच तारीख तिथे नसेल तर काय करायचं, हे गणित सांगत नाही. ते कोणीतरी ठरवावं लागतं.

प्रोग्रामिंगच्या जगात ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं ठरवलंय. ढोबळमानाने चार पद्धती आहेत.

पहिली, मागे ओढायची. ३१ जानेवारी २०२५ अधिक एक महिना बरोबर २८ फेब्रुवारी. जावाची नवी तारखांची लायब्ररी, पायथनमधली डेटयुटिल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस, एक्सेलमधलं ईडेट हे सूत्र, ही सगळी मंडळी असं करतात.

दुसरी, पुढे सांडू द्यायची. फेब्रुवारीत ३१ तारीख नाही, मग २८ नंतरचे तीन दिवस मार्चमध्ये ढकला. उत्तर ३ मार्च. जावास्क्रिप्टचा जुना डेट ऑब्जेक्ट, पीएचपी, गो आणि एसक्यूलाइट असं करतात. एसक्यूलाइट हा तुमच्या फोनमधल्या कितीतरी अ‍ॅप्सच्या पोटात असलेला डेटाबेस. म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपने ३ मार्च म्हणायचं आणि सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसने २८ फेब्रुवारी, असं सहज होऊ शकतं. दोघंही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर.

तिसरी, नाही म्हणायचं. पायथनमध्ये ३१ जानेवारीचा फक्त महिना बदलून फेब्रुवारी करायला गेलात तर तो सरळ एरर देतो. उद्धट वाटतो, पण मला आता तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

चौथी, महिनाअखेर ओळखायची. ओरॅकल डेटाबेसमध्ये महिने मिळवायचं जे फंक्शन आहे, ते बघतं की दिलेली तारीख महिन्याची शेवटची आहे का. असेल तर उत्तरही शेवटचीच तारीख देतं. २८ फेब्रुवारी २०२५ अधिक एक महिना बरोबर ३१ मार्च.

म्हणजे २८ फेब्रुवारीनंतर एक महिन्याने पोस्टग्रेसमध्ये २८ मार्च येते आणि ओरॅकलमध्ये ३१ मार्च. कंपनीने डेटाबेस बदलला आणि कोणी हे तपासलं नाही, तर लोकांच्या हप्त्यांच्या तारखा रातोरात बदलतील.

यातून आणखी एक गंमत निघते, जी शाळेच्या गणिताला पटणार नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा, २८ फेब्रुवारी. त्यातून एक महिना वजा करा, २८ जानेवारी. मिळवलं तेवढंच वजा केलं, तरी तीन दिवस गेले. तसंच ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च, पण एक अधिक एक असे मिळवले तर २८ मार्च. माझी चूक नेमकी हीच.

कायद्यालाही हा प्रश्न सुटलेला नव्हता

हे फक्त आमच्या धंद्यातलं दुखणं असेल असं मला वाटायचं. पण कोर्टांनीही यावर डोकं खपवलंय.

इंग्लंडमधलं एक प्रकरण आहे, डॉड्स विरुद्ध वॉकर. घरमालकाने ३० सप्टेंबर १९७८ ला नोटीस दिली. भाडेकरूला चार महिन्यांच्या आत कोर्टात अर्ज करायचा होता. त्याने ३१ जानेवारी १९७९ ला केला. त्याच्या बाजूचं म्हणणं असं की ३० सप्टेंबर हा महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणून चार महिने संपतात तेही महिन्याच्या शेवटच्या दिवशी. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८१ मध्ये निकाल लागला: जी तारीख तीच तारीख. ३० सप्टेंबरचे चार महिने ३० जानेवारीला संपले. अर्ज एक दिवस उशिरा. भाडेकरू हरला.

आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिन्याची व्याख्याच आहे: ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना. म्हणजे ३० दिवस नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिमाचल प्रदेश सरकार आणि हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स यांचं प्रकरण आलं. प्रश्न लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचा होता. कायद्यात ‘तीन महिने’ आणि त्यापुढे ‘तीस दिवस’ असे दोन्ही शब्द एकाच कलमात आहेत. न्यायालय म्हणालं, तीन महिने म्हणजे ९० दिवस नाहीत. महिने म्हटलंय तिथे महिने मोजा, दिवस म्हटलंय तिथे दिवस. या निकालातही त्या डॉड्स प्रकरणाचा आधार घेतलाय.

कोड लिहिताना ‘तीन महिने’ दिसलं की हात आपोआप ९० टाइप करतो. त्या बोटांना हा निकाल आठवू द्या.

तुमच्या रिचार्जचं काय

हे सगळं कर्ज आणि कोर्टापुरतं आहे असं वाटत असेल तर तुमचा प्रीपेड प्लॅन बघा. २८ दिवसांचा असेल तर आपण बोलताना त्याला ‘महिन्याचा’च म्हणतो. पण २८ गुणिले १३ होतात ३६४. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. त्या एका शब्दाची किंमत आपण दरवर्षी एका रिचार्जइतकी मोजतो.

यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवायचा, आणि किमान एक असा ठेवायचा जो दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज करता येईल. आणि ती तारीख त्या महिन्यात नसेल तर? त्या महिन्याची शेवटची तारीख धरायची, असं आदेशात स्पष्ट लिहिलंय. मला हे वाचून फार बरं वाटलं. ‘मासिक’ एवढ्या एका शब्दावर न सोडता फेब्रुवारीचा विचार करणारी माणसं तिथे होती.

१ जून, आणि चाचणीचा सापळा

आता तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या जन्मतारखा आठवा. आजोबा, मोठे काका, आईची मावशी. १ जून असलेले किती निघाले? आमच्या घरात चार आहेत. खरी तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहून टाकली. मराठवाड्यात तर १ जूनला फेसबुक उघडलं की शुभेच्छांचा पाऊसच.

या तारखेचा एक परिणाम थेट नोकरीवर झाला. सरकारी नियम असा की निवृत्तीचं वय ज्या महिन्यात पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून १ जूनवाली मंडळी ३१ मेला घरी. गुरुजींनी २ जून लिहिलं असतं तर ३० जूनपर्यंत पगार. एका आकड्यावर एक महिन्याचा पगार अवलंबून.

प्रोग्रामरसाठी यात दुसराच धडा आहे. आपण कोड तपासायला नमुन्याच्या तारखा टाकतो तेव्हा आपणही त्या गुरुजींसारखंच वागतो. १ जानेवारी, १ जून, १५ ऑगस्ट. सोप्या, सरळ. १ ते २८ मधल्या कुठल्याही तारखेत महिना मिळवा, कुठलीही लायब्ररी घ्या, उत्तर बहुतेक सारखंच येतं. माझ्या अ‍ॅपच्या चाचणीत मी १० जून घेतली होती. सगळ्या चाचण्या पास.

आणि उलट टोकाला मोरारजी देसाई. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पुढे पंतप्रधान. जन्म २९ फेब्रुवारी १८९६. चार वर्षांनी १९०० साल आलं, पण ते लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणून त्यांच्या जन्मतारखेचा पहिला वाढदिवस १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. ‘वर्षात एक मिळव, महिना आणि तारीख तीच ठेव’ असा कोड लिहिलात तर अशा माणसाची जन्मतारीख पहिल्याच वर्षी नसलेल्या दिवसावर जाऊन आपटते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये २९ फेब्रुवारी २०१२ ला नेमकं हेच झालं. त्या दिवशी तयार होणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत एक वर्ष पुढे टाकताना २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख निघाली. अशी तारीख नाहीच, त्यामुळे सर्टिफिकेट बनेना, आणि जगभरच्या ग्राहकांच्या सेवा बंद पडल्या.

पंचांगवाल्यांना हे आधीच माहीत होतं

चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा केले की ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकराएक दिवस कमी. हा फरक साठत जातो आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना येतो. २०२३ मध्ये दोन श्रावण आले होते: १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण, १७ ऑगस्टपासून निज श्रावण. तेव्हा घरोघरी विचारलं गेलं, ‘श्रावणी सोमवार कुठल्या श्रावणातले?’ उत्तर तयार होतं: व्रतं निज महिन्यात. आणि अधिक महिना जावयांचा, म्हणजे धोंड्याचा.

आपल्या मराठवाड्यातले जुने जमिनीचे कागद बघितलेत तर त्यात निजामाच्या काळातला फसली सन सापडतो. फसली १३५७ म्हणजे साधारण १९४७-४८. एकाच घराच्या कपाटात फसलीचे कागद, शकाचं पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर. या लोकांना कोणी ‘एक महिन्याने’ म्हटलं की ते आधी विचारायचे, कुठल्या हिशोबाने? आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी तेवढं विचारणं सोडलं.

मी केलेली दुरुस्ती, जी अर्धीच निघाली

परत आत्याच्या गटाकडे. कळलं त्या रात्रीच मी कोड बदलला. आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवायचा नाही; प्रत्येक वेळी मूळ तारखेपासून मोजायचं. पहिला हप्ता म्हणजे मूळ तारीख अधिक एक महिना, सातवा म्हणजे मूळ तारीख अधिक सात महिने. मावशींच्या तारखा लगेच बरोबर आल्या: ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर, ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च. दंड शून्य. मी खूश. सगळ्या गटाचा हिशोब नव्याने काढून आत्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. ‘अगं, फेब्रुवारीत कर्ज घेतलेल्या दोघींचा दंड तसाच आहे की.’

त्या दोघींनी २८ फेब्रुवारी २०२५ च्या बैठकीत कर्ज घेतलं होतं. २८ फेब्रुवारी अधिक एक महिना, २८ मार्च. मूळ तारखेपासून मोजा की साखळीने मोजा, उत्तर तेच. बैठक ३१ ला. तीन दिवस. मार्च, मे, जुलै, तीन वेळा दंड. फरक एवढाच की या दोघींनी कोणाला काही न बोलता तो भरला होता.

इथे कोड त्याच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर चालत होता. डॉड्स प्रकरणातले न्यायाधीशही माझ्याच बाजूने बोलले असते. तरीही उत्तर चूक होतं, कारण गटाचा नियम ‘तीच तारीख’ असा कधी नव्हताच. मी आत्याला पहिल्यांदाच विचारलं, ‘हप्ता नक्की कधी द्यायचा असं ठरलंय?’

‘महिनाअखेर.’

‘म्हणजे तीसला का एकतीसला?’

‘महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. त्यात तीस-एकतीस काय?’

मग मी तिला त्या लाल वहीच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. बारा ओळी, प्रत्येक नावापुढे महिन्यांची नावं आणि बरोबरच्या खुणा. मार्च, एप्रिल, मे. एकही तारीख नाही. तिच्या लेखी तो ‘२८ मार्चला देय असलेला हप्ता’ नव्हता, तो ‘मार्चचा हप्ता’ होता. तारखा मी घुसवल्या, कारण मला तारखा साठवायची सवय होती. बीटेकच्या चार वर्षांत डेटा कसा साठवावा यावर बरंच शिकले. आत्याच्या वहीत तो आधीच बरोबर साठवलेला होता.

आता अ‍ॅपमध्ये हप्त्यापुढे फक्त वर्ष आणि महिना असतो. देय दिवस बैठकीवरून निघतो, आणि बैठक म्हणजे त्या महिन्याचा शेवटचा दिवस. महिना मिळवताना तारखेचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही कोड लिहीत असाल तर

कॉलेजमध्ये असाल, प्रोजेक्ट करत असाल, तर एवढं करा.

कोड लिहायच्या आधी विचारा: इथे ‘महिना’ म्हणजे काय? ३० दिवस, तीच तारीख, की महिनाअखेर? हे उत्तर ज्याचे पैसे किंवा मुदत आहे त्याच्याकडून घ्या, लायब्ररीकडून नाही.

महिन्याला ३० गुणिले २४ तास असं कधीही लिहू नका. दिवस हवेत तर दिवस म्हणा आणि वापरणाऱ्यालाही तसंच सांगा.

एकामागून एक तारखा काढायच्या असतील तर नेहमी मूळ तारखेपासून मोजा. मूळ तारीख पुसू नका.

तुमची भाषा आणि तुमचा डेटाबेस वरच्या चारपैकी कुठल्या पद्धतीने चालतात ते एकदा हाताने करून बघा. चाचणीसाठी २९, ३० आणि ३१ जानेवारी, २८ आणि २९ फेब्रुवारी, ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर या तारखा घ्याच.

आणि फक्त तारीख हवी असेल तर वेळ साठवू नका. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपल्याकडची १ मार्चची मध्यरात्र सर्व्हरवर २८ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसहा अशी पडते. सर्व्हरने तिच्यात एक महिना मिळवला की २८ मार्च, साडेसहा. ते फोनवर दिसताना होतं २९ मार्च. १ एप्रिल यायला हवी होती. इथे तर आपण १ तारीख घेतली होती, सगळ्यात सुरक्षित.

३१ ऑगस्टची बैठक

३१ ऑगस्ट २०२५ ला रविवार होता. मी गावी गेले. मावशींचा तो बारावा, शेवटचा हप्ता. बैठकीत मी सांगितलं की उशीर कोणाचाच झालेला नव्हता, हिशोब माझा चुकला होता. तिघींचे साठ-साठ असे १८० रुपये परत दिले. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारी यादी त्याआधीच बंद केली होती, तेही सांगितलं.

मावशींनी साठ रुपये मोजून घेतले आणि म्हणाल्या, ‘मग ते गटावर पण लिही ना. दंड लागला तेव्हा गटावर आला होता.’

बरोबर होतं त्यांचं. तिथेच बसून लिहिलं. आत्याने मला आधी ते वाचून दाखवायला लावलं, मग पाठवू दिलं.

त्या अजून गटात आहेत. वहीसुद्धा चालू आहे. आत्या दर महिन्याला अ‍ॅप आणि वही शेजारी ठेवून बघते आणि फरक दिसला की मला फोन करते. आत्तापर्यंत एकदा आलाय, आणि तेव्हा खरंच तिनेच रक्कम चुकीची टाकली होती. मी ते बोलून दाखवलं नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: फोनमधल्या कॅलेंडरमध्ये ३१ तारखेला ‘दर महिन्याला’ असं एक रिमाइंडर लावा आणि पुढचे सहा महिने सरकवून बघा. तुमचं कॅलेंडर फेब्रुवारीत काय करतं? मागे ओढतं, पुढे ढकलतं, की तो महिना सरळ गाळूनच टाकतं? मला व्हॉइस मेसेज करून सांगा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात.